मोदकला हव्यात दूर्वा

पत्र थोडक्यात: अमेरिकेत फिनिक्सजवळच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. चार वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी नवऱ्याने तळहातावर मावेल असं सल्काटा जातीचं कासव घरी आणलं. नाव ठेवलं मोदक. आता मोदक पोळपाटाएवढा झालाय, मुलगा बारा वर्षांचा झालाय आणि त्याचा जीव सॉकरमध्ये रमलाय. मोदकचं खाणंपिणं बाईंच्या गळ्यात पडलंय. पालक, मेथी, कोथिंबीर, गाजर, कधी केळं. सासूबाई भारतातून आल्या की दुधात कुस्करलेली पोळी. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी पाठीवरचे उंचवटे पाहिले आणि आहार बदला, अंगणात काहीतरी पेरा, असं सांगितलं. बाईंनी हौसेने दोन वाफे केले. पालक, मेथी, टोमॅटो, कडेला अळू. आठवड्याच्या आत मोदकने सगळं तुडवून सपाट केलं. अळूचं पान त्याने खाल्लं की नुसतं चावून टाकलं, हे न कळल्याने बाईंना रात्रभर झोप नाही. त्यांना ‘सुरक्षित झाडांची यादी’ हवी आहे. शिवाय पुण्यातला भाऊ स्टार कासवांची जोडी घेणार आहे, त्यालाही हीच यादी चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार,

आधी अळूचं बघू, कारण तुमची झोप तिथे अडकलीय. कच्च्या अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात. आपण चिंच घालून शिजवतो ते उगाच नाही. तोंडाला फेस, तोंड उघडं ठेवून बसणं, खाणं टाकणं, असं काही पत्रात असतं तर मी हे लिहीत बसले नसते, तुम्हाला तडक डॉक्टरांकडे पिटाळलं असतं. पण पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी टोमॅटोचं रोप फस्त करत होती. म्हणजे तोंड शाबूत आहे. खरं सांगू? मला अळूपेक्षा त्या टोमॅटोच्या पाल्यानेच जास्त दचकवलं. टोमॅटो आणि बटाट्याचा पाला कासवाला कधीच घालायचा नाही. उरलेली रोपं आजच उपटा.

आता यादी. देते, पण जरा थांबून. मोदक शाकाहारी, तेव्हा त्याला भाजी, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्याकडे शाकाहारी म्हटलं की डोळ्यांपुढे मंडईच येते. मोदकच्या पूर्वजांनी मंडई पाहिलेली नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंत जो कोरडा साहेल पट्टा आहे, तिथलं हे कासव. थोडे महिने पाऊस आणि हिरवं गवत, बाकी वर्षभर वाळलेलं गवत, काटेरी झुडपं आणि उन्हापासून लपायला स्वतः खणलेलं बीळ. त्याचं पोट घोड्यासारखं चोथ्यावर चालतं. आतड्यातले सूक्ष्मजीव तो चोथा सावकाश आंबवतात. त्यात केळं, गाजर, पोळी गेली की साखरेने ती सगळी घडी विस्कटते आणि पोट बिघडतं. म्हणून मोदकच्या दहा घासांतले आठ-नऊ घास गवताचे आणि वाळल्या चाऱ्याचे असायला हवेत. तुमची बाग म्हणजे उरलेले एक-दोन घास.

तो पालक मिटक्या मारत खातो, हे खरंच असणार. पण सल्काटाच्या आवडीवर फार जाऊ नका. लाल-पिवळं काही दिसलं की ही जमात धावत येते, लाल नेलपॉलिश लावलेल्या पायाच्या अंगठ्याकडेसुद्धा. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि वाढत्या कवचाला तर कॅल्शियमचीच गरज. माठ, राजगिरा, चाकवत, घोळ यांचंही तेच. मेथी प्रथिनांनी भरलेली, त्यामुळे रोजची नको. कोबी, फ्लॉवर, मोहरीचा पाला रोज पोटात गेला तर थायरॉइडला त्रासदायक. कोथिंबीर मूठभर कधीतरी चालेल. यातलं काहीही एकदा खाल्लं म्हणून कासव मरत नाही. नुकसान होतं ते चार वर्षं रोज खाऊन. म्हणून झाडांच्या नुसत्या यादीवर माझा भरवसा नाही. तीच पानं किती, किती वेळा, कुठे वाढलेली आणि त्यावर काय फवारलेलं, हे यादीत कधी नसतं.

पाठीवरच्या उंचवट्यांचा दोष मात्र सगळाच मेथीवर ढकलू नका. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर अभ्यास केला, तेव्हा प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम कितीतरी जास्त निघाला. तुमच्या गावात कोरड्या हवेची टंचाई नाही. आठवड्यातून दोन-तीनदा हनुवटी बुडणार नाही इतक्या कोमट पाण्यात अर्धा तास बसवा, आणि त्याच्या लपायच्या जागेतली माती ओलसर ठेवा. झालेले उंचवटे जाणार नाहीत, पुढची वाढ सपाट होऊ शकते.

तर पहिलं पीक गवत. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. फिनिक्समध्ये दारोदारी जी बर्म्युडा लॉन असते, ती म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. म्हणजे दूर्वा! मी तुमच्याच खोऱ्यात अकरा वर्षं बाग केली, आणि दर गणपतीत हा विनोद पाहिला. मंडळी इंडियन ग्रोसरीत दूर्वांची जुडी शोधत फिरतात, आणि गाडी लावतात ती दूर्वांच्या हिरवळीशेजारी. (शेजारच्या हिरवळीतल्या खुडू मात्र नका. तणनाशक मारलेल्या दूर्वा ना बाप्पाला, ना मोदकला.)

हरळीचं बी रात्रीही उबदार राहायला लागल्यावर टाकायचं, एप्रिलअखेर ते जून. रंगीत लेप दिलेलं बी घेऊ नका, त्या लेपात बुरशीनाशक असू शकतं. पहिले दोन-तीन आठवडे वरचा थर सुकू द्यायचा नाही, दिवसातून दोनदा-तीनदा हलकं पाणी. नंतर पाणी कमी वेळा, पण खोलवर. गवत चार बोटं उंच झाल्याशिवाय मोदकला आत सोडू नका. तो चरताना मान तिरकी करून गवत ओढतो, कोवळी मुळं धरलेली नसली तर अख्खं उपटून येतं. नोव्हेंबरच्या आसपास हरळी पिवळी पडून झोपी जाते. त्यासाठी ऑक्टोबरात अर्ध्या तुकड्यावर राय गवताचं बी टाका, हिवाळाभर हिरवं राहील. उरलेल्या वेळी घोड्यांचा चारा विकणाऱ्या दुकानातला वाळलेला बर्म्युडा, ऑर्चर्ड किंवा टिमथी चारा. अल्फाल्फा नको, त्यात प्रथिनं फार. सुरुवातीला मोदक या चाऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, पाण्यात भिजवा आणि आवडत्या पानांत कालवून द्या. मूल भाजी खात नाही तेव्हा आपण थालीपिठात लपवतो, तसंच.

पेरण्याआधी एक फेरी उपटण्याची. अंगणात फिरा आणि ही झाडं शोधा: कण्हेर, पिवळी कण्हेर, घाणेरी, शंकासुर, सदाफुली, एरंड, धोतरा, सागो पाम. फिनिक्सच्या बागांमध्ये यातली निम्मी तरी सापडतातच, आणि कुंपणाला कण्हेर तर ठरलेलीच. तिचं वाळलेलं पानही तितकंच घातक असतं, त्यामुळे शेजाऱ्याची कण्हेर कुंपणावरून तुमच्याकडे झुकत असेल तर मोदकची जागा त्या भिंतीपासून लांब करा. वारा सुटला की पानं कुठे पडतात ते एक दिवस बघून ठेवा.

अंगणाला माणूस येत असेल तर त्याच्याशी बोला. तिकडे मातीऐवजी खडी पसरलेली असते आणि तण उगवू नये म्हणून वर्षातून एकदा-दोनदा त्यावर औषध मारतात. न सांगता मारतात. मोदकच्या भागात ते बंद. आणि खडीही हलवा, कासवं खडे गिळतात, आणि ते आतड्यात अडकले तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

रोपवाटिकेतल्या झाडांबाबत माझीच फजिती सांगते. मुलीच्या मैत्रिणीचं कासव महिनाभर आमच्याकडे होतं. मी कौतुकाने मोठ्या दुकानातून फुलांनी लगडलेली जास्वंद आणली, संध्याकाळी चार पानं दिली. रात्री कुंडीतलं प्लॅस्टिकचं लेबल काढताना मागची बारीक अक्षरं वाचली. मुळातून शोषलं जाणारं कीटकनाशक घातलंय, असं लिहिलं होतं. असलं औषध पान धुतलं तरी जात नाही, ते पानाच्या आत असतं. कासवाला काही झालं नाही, पण ते महिनाभर माझ्या डोक्यात होतं. तेव्हापासून नियम एकच. बी किंवा फांदी आपल्या माणसाच्या अंगणातून आणायची. विकतचं रोप आणलंच तर माती बदलायची, निदान एक अख्खा हंगाम कासवाला लागू द्यायचं नाही, नव्याने फुटलेला पालाच द्यायचा. कुंडीच्या मातीतले ते पांढरे हलके दाणे असतात ना, परलाइटचे, ते वेचून टाका किंवा वर साध्या मातीचा थर द्या. मोदकला ते साबुदाण्यासारखे आवडतील.

आता लावायचं काय. माझं पहिलं मत फड्या निवडुंगाला. पाणी, चोथा, कॅल्शियम, सगळं त्या एका पानात असतं, आणि तुमच्या उन्हात ते आपोआप वाढतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, तेव्हा माझ्या ओळखीच्या बागांमधले निवडुंगही सुरकुतले, पण बरेचसे पावसानंतर परत उभे राहिले. कमी काट्यांच्या जातीचं एक जाड पान कुणाकडून तरी मागून घ्या. कापलेली बाजू सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्या, खपली धरली की तिसरा हिस्सा मातीत गाडा आणि पाणी घालायची घाई करू नका. बिनकाट्यांच्या म्हणतात त्या जातीवरही केसाएवढी कुसळं असतात. चिमट्यात धरून गॅसवर फिरवा, भरताचं वांगं भाजतो तसं, पण क्षणभरच, तडतड थांबेपर्यंत. पानांवर पांढरे कापसाचे ठिपके दिसले तर ती कोचिनील कीड. पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढायची, फवारणी नाही. झाड तयार होईपर्यंत मेक्सिकन किराणा दुकानात काटे काढलेली पानं ‘नोपालेस’ म्हणून मिळतात.

दुसरी तुती. फेब्रुवारीत पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी मातीत खोचली की बहुधा लागते. पाला भरपूर येतो. पानं डिसेंबरात गळतात, म्हणून शरदातच खुडून सावलीत वाळवा, उशीच्या अभ्र्यात भरून ठेवा, हिवाळ्यात चाऱ्यावर चुरडून घाला. परागकणांच्या त्रासामुळे काही गावांत तुती विकायला-लावायला बंदी आहे, तेवढं आधी विचारून घ्या. तिसरी जास्वंद. पानं आणि फुलं दोन्ही चालतात, दुपारची सावली आणि थंडीत वरून एक चादर एवढीच तिची मागणी. जास्वंदीच्याच कुळातलं ग्लोबमॅलो हे तिथलं रानझुडूप, नारिंगी फुलांचं, जवळजवळ पाण्याशिवाय जगतं. हिवाळी पावसानंतर खडीत आपोआप उगवणारा रानटी मॅलोसुद्धा याच घरातला, औषध मारलेलं नसेल तर फुकटचा चारा. शेवगा तुम्ही स्वतःसाठी लावलाच असेल. त्याचा पाला पौष्टिक, पण प्रथिनं जास्त, म्हणून आठवड्यातून एखादी डहाळी. द्राक्षाची पानं कधीमधी.

ही सगळी झाडं कुंपणाच्या बाहेर लावायची, हे मात्र विसरू नका. तो हळू चालतो म्हणून बागेला धोका नाही, असं तुम्हाला वाटलं होतं आणि आठवड्यात उत्तर मिळालं. आत फक्त गवत. बाकीचं तुम्ही खुडून त्याच्या पुढ्यात टाकायचं, किंवा डहाळ्या भिंतीवरून आत लोंबू द्यायच्या. गवताच्या जागेचेही दोन भाग करा, एकात तो चरतो तोवर दुसरा भाग भरून येतो. मोदकच्या आजच्या आकाराला दोन फूट उंच, आरपार न दिसणारी भिंत पुरे, पायथा फूटभर जमिनीत. पलीकडचं दिसलं की तो तिथूनच धडका देत बसतो. अंगणात स्विमिंग पूल असेल तर त्याला वेगळं कुंपण, आजच. कासव म्हणून तो पोहेल असं वाटतं, तो दगडासारखा बुडतो.

इथवर बागेचं झालं. पण पत्राच्या मध्यावर तुम्ही कंसात एक वाक्य टाकलंय: “डॉक्टर म्हणाले सत्तर वर्षं जगेल, मी हिशेबच सोडून दिला.” तो हिशेब करूया. पोळपाटाएवढा मोदक वाढत वाढत चाळीस-पन्नास किलोंचा होऊ शकतो. तो हिवाळ्यात झोपत नाही, म्हणजे थंडीच्या रात्री त्याला उबदार खोपटं लागणार. तो बिळं खणणार, कित्येक फूट लांब. उद्या नोकरी सिएटलला गेली तर? राज्याबाहेर न्यायला पशुवैद्यकाचा दाखला लागतो, ते एक वेळ होईल. तिथल्या पावसाळी थंडीत त्याचं काय करणार? हे प्रश्न तुम्हाला एकटीने सोडवायचे नाहीत. कासव तुम्ही आणलेलं नाही. जेवायच्या टेबलावर नवऱ्यापुढे आणि मुलापुढे मांडा, अपराधी न वाटून घेता.

दोन वाटा दिसतात. एक, तो राहतो, आणि अंगण हळूहळू त्याचं होतं. मग कामं वाटून घ्या. गवताला पाणी नवऱ्याकडे, आंघोळ आणि महिन्याचं वजन वहीत लिहिणं मुलाकडे. बारा वर्षांच्या मुलाला ‘मोदककडे लक्ष दे’ सांगून काही होत नाही, ‘रविवारी सकाळी काट्यावर ठेव आणि आकडा लिही’ सांगितलं तर होतं. दुसरी वाट, मोठी जागा असलेलं घर त्याच्यासाठी शोधायचं. ॲरिझोनातल्या कासव-निवाऱ्यांत सल्काटांची गर्दी आहे, तेव्हा शोधायला वेळ लागेल. तो लहान आहे तोवर घर मिळणं सोपं. यात हार-बीर काही नाही. तिसरी वाट काही लोक घेतात, गुपचूप वाळवंटात सोडून देण्याची. ती वाटच नव्हे. तो तिथला नाही, स्वतः मरेल, किंवा तिथल्या सोनोरन वाळवंटी कासवांना आजार देईल. मला विचाराल तर एक उन्हाळा आणि एक हिवाळा गवत लावून बघा आणि मग ठरवा. अंगण किती पुरतं ते तेव्हा डोळ्यांना दिसेल.

भावाचं उत्तर छोटं आहे. त्याला यादी नको, फोन करा. स्टार कासव आपल्या देशातलं वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ते पहिल्या, सर्वात कडक अनुसूचीत गेलं. घरात पाळणं, विकत घेणं, दोन्ही गुन्हे, आणि शिक्षा किमान तीन वर्षं कैद. ‘वास्तूला शुभ असतं’ म्हणून विकणारे हे सांगत नाहीत. जोडी घरी आली असेलच तर कुठेतरी सोडून न देता वनखात्याशी बोलायचं, महाराष्ट्रात त्यांचा १९२६ हा क्रमांक आहे. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच, त्याच्यावर भागवायला सांगा.

राहता राहिली सासूबाईंची दूध-पोळी. ती बंद करायला सांगण्यापेक्षा त्यांना दुसरं काम द्या. सकाळी पूजेची फुलं त्याच काढत असतील. परडीत पाच जास्वंदी देवाला, दोन मोदकला, असं ठरवून टाका. महिन्याभरात त्या तुम्हालाच ओरडतील, मोदकची फुलं आज कुणी काढली नाहीत म्हणून. आणि अळू फेकून देऊ नका हो. एका टबात लावा, नळाशेजारच्या सावलीत, मोदकची मान पोचणार नाही अशा उंचीवर. सप्टेंबरात वड्यांपुरती पानं नक्की निघतील.